बॉल थांबवायले हात लागतात

मासा आधी पायाला कळतो, हाताला मागून. हे आमच्या टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या ढिवरवस्तीतल्या, कोणत्याच पोरीला कोणी बसवून शिकवलं नाही. उन्हाळ्यात बोडीचं, त्या लहान तळ्याचं, पाणी आटत आटत पोटरीवर आलं की बाया आणि पोरी ओळ धरून चिखलात उतरायच्या, परकर खोचलेले, कमरेला टोपली, आणि तोंडानं गावभरच्या गोष्टी चालू. मोठं जाळं, डोंगा, नदी हे सगळं गडीमाणसांचं. आटलेल्या बोडीतला चिखल मात्र आम्हा ढिवरांच्या बायांचा. पाऊल सावकाश टाकायचं. तळव्याखाली काही गुळगुळीत हललं की समजायचं, मांगूर. त्याच क्षणी सगळं अंग त्या पायावर टाकून त्याला चिखलात दाबायचं, आणि पाय उचलायच्या आधी हात खाली गेलेला पाहिजे. मांगुराला काटा असतो; भलत्या जागी धरला तर बोट संध्याकाळपर्यंत ठणकत राहतं. म्हणून यात विचाराला जागा नाही. पाय दाबतो, हात जातो, मध्ये डोकं येत नाही. चालायला लागल्यापासून माझं अंग हे असंच घडलं होतं.

संध्याकाळी माय घरामागच्या सांदवाडीत बसून ते मांगूर राखेनं घासायची, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. कोंबड्या भोवती, मांजर तिच्या पदरावर, आणि ती कोंबड्या, मांजर, मासे, तिघांशीही एकाच वेळी भांडायची. चुलीवर भात रटरटतोय, आंबाडीची आंबट भाजी उकळतेय, तिच्यात मासे पडले की तो वास सगळ्या टोलीवर पसरायचा आणि शेजारची काकू कुडाच्या पलीकडून विचारायची, “आज कोनाच्या पायाले लागले व?” बाबा उंबऱ्यापाशी जाळं मांडीवर घेऊन फाटलेली घरं विणत असायचे. जाळ्याला खाली शिशाच्या मण्यांची माळ असते. जाळं सरकवलं की ते मणी जमिनीवर खळखळायचे. अजूनही कोणाच्या हातातल्या बांगड्या तशा वाजल्या की मला आंबाडीची भूक लागते. लाखोळीची डाळ आणि भात रोजचाच, पण मासे असले की बाबा बोलायचे, नसले की गप्प. असं आमचं घर.

एवढं मासेपुराण काढायला कारण आहे. पण आधी एक सांगून टाकते, मी हे रागानं लिहायला बसले आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्याचा निवत असेल त्यानं खुशाल निववावा. माझा हा एक राग मी आजवर राखेखाली विस्तवासारखा जपून ठेवला, रोज त्याच्यावर चहा नाही केला, पण विझूही दिला नाही.

शाळा मुलचेऱ्याच्या वाटेवर, मोठ्या गावात. तिथं शेतकऱ्यांची पोरं असायची, आमच्या टोलीवरची असायची, आणि जंगल तोडून वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली असायची. त्या गावांना आम्ही सगळे नुसतं कॅम्प म्हणायचो. कॅम्पच्या माणसांना फुटबॉलचं वेड. धान कापून झालं की त्या रिकाम्या खाचरात, बांधीत, भाताच्या खुंटांवरून, पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा लुंगी वर करून बॉलमागे धावायची. आम्ही बांधावर उभं राहून हसायचो. आमच्या घरच्यांना कळतच नव्हतं की खायला न येणाऱ्या गोष्टीच्या मागं मोठी माणसं इतकी का पळतात.

खेळाचे सर वरोऱ्याकडचे. सायकलनं यायचे आणि मागच्या कॅरियरला बॉल दोरीनं बांधलेला असायचा. त्या बॉलला ते स्वतःच्या हातानं तेल लावायचे, आतली रबरी पिशवी फुटली की सायकलच्या ट्यूबसारखं तिला चिकटवायचे. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं; वाईट माणसावर रागवायला काय लागतं?

त्या वर्षी वरून हुकूम आला की शाळेनं मुलींचीही टीम पाठवली पाहिजे, नाहीतर मुलांचीही घेणार नाही. मग सरांनी वर्गावर्गांतून धावणाऱ्या पोट्ट्या वेचल्या. काही कॅम्पच्या होत्या, त्यांत शेफाली, माझ्याच बाकावर बसायची. बाकीच्या आमच्या टोलीवरच्या, कारण चिखलात चालून आमचे पाय दणकट. मी होते, माझी चुलत बहीण कमली होती. कमली आमच्यात सगळ्यांत लहान, पण पळायला हरिणासारखी. सामने मुलचेऱ्याला व्हायचे होते. शाळेनं निळ्या बनियन आणल्या होत्या, पेटीत ठेवलेल्या, घडी न मोडलेल्या. सर म्हणाले की ज्या शिकतील त्यांना मिळेल. मला ती बनियन पाहिजे होती. नुसती बनियन नाही. आजवर मी घराबाहेर जिथं जिथं गेले होते तिथं टोपली घेऊन गेले होते, बाजाराला, बोडीला, मोहफुलाला. रिकाम्या हातानं, नुसतं खेळायला म्हणून, बसमध्ये बसून कुठं जायचं, हे मला फार म्हणजे फार पाहिजे होतं.

पहिला धडा बॉल थांबवायचा. शाळेचं मैदान म्हणजे मागची धान कापलेली बांधीच. सर म्हणाले, “लाथ कोणीही मारतं. आधी आलेला बॉल पायाखाली थांबवता आला पाहिजे. थांबला तर तो तुमचा.” त्यांनी बॉल माझ्याकडं सरकवला. तो घरंगळत आला, मी पाय टाकला, तळव्याखाली काहीतरी गोल हललं, आणि माझा हात खाली गेला. बॉल उचलून मी छातीशी धरला. सरांनी शिटी मारली. पुन्हा सरकवला. पुन्हा पाय, पुन्हा हात. कमलीचं तेच, बाकीच्यांचंही तेच. कॅम्पच्या पोरी खेळ बघत वाढलेल्या, त्या बरोबर थांबवत होत्या. आमच्या टोलीवरची एकही नाही. आमचं आम्हालाच हसू येत होतं. कमली म्हणाली, “काय करू सर, हात आपोआपच जाते.”

“जातो कसा आपोआप? हात तुझा आहे ना?”

“हाय तं माहाच, पन आयकत नाई.”

आधी सरही हसले. पोरं बांधावरून ओरडायला लागली, “सर, जाळं आनू का?” रोज तेच व्हायला लागलं तसं सरांचं हसणं आटत गेलं. सामने जवळ येत होते, मुलांची टीम आमच्यामुळं अडकणार होती, हेडमास्तर रोज विचारत होते. तेही मी समजू शकते बरं का. घाई झाली की माणसाचं डोकं जातं. पण घाई झालेली माणसं दुनियेत पुष्कळ असतात, सगळीच काही असं करत नाहीत.

एक दिवस सरांनी टोलीवरच्या पोरींना वेगळं उभं केलं. माझ्या मागं आले. माझ्या एका वेणीची लाल रिबीन त्यांनी ओढून सोडली, माझे दोन्ही हात मागं घेतले आणि त्याच रिबिनीनं मनगटं बांधली. मग दुसरीची, मग कमलीची. आमच्याच केसांच्या रिबिनी. एका बाजूची वेणी सुटून केस तोंडावर येत होते आणि ते बाजूला करायला हात नव्हते. “आता बघू कसा जातो आपोआप,” सर म्हणाले. सगळी शाळा बांधावर जमली होती. शेफालीच्या बाजूच्या पोरी मोकळ्या हातांनी उभ्या होत्या आणि खाली पाहत होत्या.

बॉल आला. मी पाय टाकला, सगळं अंग टाकून दाबला, जसा मला येत होता तसाच. आता बॉल काही चिखलात रुतत नाही. तो सटकला, माझा पाय त्याच्यासोबत पुढं गेला, आणि मी तोंडावर पडले. पडताना माणूस हात पुढं करतो ना, तेवढं तर जनावरालाही येतं. माझे मागं होते. हनुवटी खुंटावर आपटली. फुटली. जीभ दातांत आली. तोंडात मातीची आणि रक्ताची चव एकत्र आली. आणि मला उठता येईना. तुम्ही कधी हात मागं बांधलेले असताना पालथं पडून उठून पाहा. गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, कपाळ जमिनीला टेकवावं लागतं. कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत नाही, माहीत असतं तर नाव सोडून बाकी सगळं लिहिलं असतं.

घरी गेले तेव्हा पांढऱ्या पोलक्यावर रक्त वाळलं होतं. मायनं हळद दाबली. बाबा जाळं विणता विणता थांबले.

“कोनं केलं व?”

मी सांगितलं. सगळं, रिबिनीसकट.

बाबा थोडा वेळ मण्यांशी खेळत बसले. मग म्हणाले, “सर हायेत ते. शिकवाले केलं असन. मार खाल्ल्याबिगर विद्या येत नाई, बाई.”

“त्यानं मारलं नाई न,” माय चुलीकडूनच म्हणाली. “मारलं असतं तं मी काई म्हनली नसती. बांधलं त्यानं. बकरीले बांधते तसं.”

“आता तू जाऊन भांडशीन का मास्तरासंग?”

“मी कायले भांडू? तुमी बाप असून जाळ्याचे मनी मोजून राह्यले, तं मी कोन?”

मायनं ताटं वाढली. मासे होते, तरी बाबा बोलले नाहीत. बाबांवरचा माझा राग त्या दिवशी सरांवरच्या रागाहून मोठा होता, हेही लिहून ठेवते. सर परके. बाबांचा हात माझ्या डोक्यावरून रोज फिरायचा. त्यांनी नुसतं “उद्या शाळेत जाऊ नको” म्हटलं असतं तरी मी जन्मभर गोड आठवण काढली असती. तेवढंही म्हटलं नाही. मास्तरांच्या समोर उभं राहायचं म्हणजे काय बोलायचं, हेच त्यांना माहीत नव्हतं, असं आज मला कळतं. कळतं म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी मायनं माझ्या वेण्या घातल्या. घट्ट घातल्या, डोळे वर ओढले जातील इतक्या. रिबिनी बांधताना तिनं नेहमीचं फूल काढलं नाही. जाळं विणताना जी गाठ मारतात, ओढली की आणखी आवळणारी, ती गाठ तिनं रिबिनीला मारली. वर दातांनी आवळली. “आता सोडून पाहू दे म्हना त्याले,” एवढंच म्हणाली आणि शेण काढायला गेली. मायचा राग असाच होता. तिच्या हातात जे यायचं त्यात तो जायचा.

हनुवटी सुजलेली म्हणून सरांनी मला थोडे दिवस खेळातून मोकळं ठेवलं. शाळा सुटल्यावर शेफाली माझ्यामागून चालत आली. तिला लाज वाटत होती, तिचे हात मोकळे होते म्हणून. शेवटी म्हणाली, “आमच्या इकडे चल ना. बाबाचा जुना बॉल आहे.” ती मराठी छान बोलायची, पण घाईत आली की हिंदीत शिरायची.

कॅम्पची ती बांधी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. कडेला केळी लावलेल्या, कोणाच्या तरी घरात मोहरीच्या तेलात काहीतरी तळलं जात होतं, त्याचा नाकात जाणारा वास. शेफालीनं बॉल माझ्याकडं ढकलला. मी दाबला. बॉल सटकला, हात खाली गेला आणि रिकामाच वर आला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“दबाती क्यूं है? मागुर आहे का तो?”

“मग काय करू?”

“दाबू नको. तो पळत नाही. त्याला जीव नाही ना, पगली.” ती माझ्या पायापाशी बसली. माझी टाच तिनं हातानं खाली ओढली, पायाची बोटं वर उचलली. “असा ठेव. टाच खाली, चवडा वर. बॉलच्या उंचीएवढाच पाय उचल. बॉलवर छप्पर टाकायचं फक्त. तो येऊन आपोआप छपराखाली बसतो.”

मी तसं केलं. बॉल आला आणि माझ्या पायाच्या आणि जमिनीच्या मधल्या फटीत येऊन लागला. पण मी डुगडुगले, एका पायावर उभी, आणि कलंडले. अंगाला सवय झाली होती सगळं वजन पुढं टाकायची.

“हात,” शेफाली म्हणाली. “हात कुठं ठेवलेस?”

मी पाहिलं. माझे हात मागं होते. कोणी बांधले नव्हते. मीच नेऊन ठेवले होते, एकात एक अडकवून, कमरेच्या मागं. खाली जाऊ नयेत म्हणून.

“समोर आण. असे बाजूला पसर. बांधावरून चालतो तसे. हात नसले तर माणूस पडतेच ना.”

मी हात पसरले. तिनं बॉल मारला, या वेळी जोरात. पाय वर, टाच खाली, हात दोन बाजूंना. बॉल आला, तळव्याला लागला, आणि थांबला. नुसता थांबला. हात खाली गेलाच नाही, कारण त्याला वर काम होतं. तो मला तोलून धरत होता.

तिथं, त्या बांधीत, मला जो राग आला तो आजवर गेलेला नाही. पडले तेव्हा अपमान झाला होता, दुखलं होतं. खरा राग आला तो तिथं. म्हणजे हात दोषी नव्हतेच. दोष दाबण्यात होता, आणि ते कोणी सांगितलंच नाही. बॉल थांबवायला जी गोष्ट सगळ्यांत जास्त लागते, तीच त्यांनी माझ्या पाठीमागं बांधून टाकली, आणि वर मी पडले म्हणून मला ढिवराची पोट्टी म्हणून हसले. शेफालीला मी म्हटलं, “अजून मार.” अंधारून येईपर्यंत ती मारत राहिली. नंतर नंतर मी बॉलकडं न पाहताही थांबवत होते, आणि मनातल्या मनात बोलत होते. काय बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग सरांनी बोलावलं तो दिवस. टोलीवरच्या पोरी ओळीत उभ्या, शेफाली आणि कॅम्पच्या पोरी बाजूला, मुलांचा सराव संपत आलेला, ते कडेला पाणी पीत होते. सर माझ्या मागं आले आणि रिबिनीला हात घातला. ओढली. गाठ आवळली. आणखी ओढली. आणखी आवळली.

“काय गाठ मारलीय ही?”

“जाळ्याची हाय, सर.”

“सोड मग.”

“माह्यानं सुटत नाई. मायनं मारली.”

मुलांतला एक म्हणाला, “सर, कैची आनू का?” सगळे हसले, आणि त्या वेळी हसू माझ्यावर नव्हतं. सरांचे कान लाल झाले. “राहू दे,” ते म्हणाले. “तशीच उभी राहा.” आणि लांब जाऊन त्यांनी बॉल मारला. हळू सरकवला नाही, मारला, मुलांना मारतात तसा. उसळत आला. मी हात पसरले, टाच खाली, चवडा वर. शेवटची उसळी संपता संपता तो माझ्या पायाखाली आला आणि थांबला. मी बॉलवर पाय ठेवून उभी होते आणि सरांकडं पाहत होते. मला वाटलं, आता त्यांना कळेल.

सरांनी टाळ्या वाजवल्या. खरंच खूश झाले होते, खोटं नाही सांगत. आणि बाकीच्या पोरींकडं वळून म्हणाले, “बघितलं? हात बांधले म्हणून शिकली. हिला आता बांधायची गरजच उरली नाही.”

अलीकडंच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. सरांचा सत्कार आहे, आता फार थकलेत, तुम्ही त्यांच्या हाताखाली घडलेल्या, दोन शब्द लिहून द्या. सर भाषणात नेहमी तुमचंच उदाहरण देतात म्हणे, एका मच्छीमाराच्या मुलीचे हात बांधून तिला कशी खेळाडू केली. इतकी वर्षं. दर भाषणात. लोक टाळ्या वाजवतात म्हणे. मी त्या बापड्याला एवढंच विचारलं, “तुले बॉल थांबवता येते का रे?” तो म्हणाला, “येतो की.” मी म्हटलं, “हात मागं घेऊन थांबवून पाहा, मंग मले फोन कर.” अजून फोन आलेला नाही.

तर त्या दिवशी. घंटा झाली, मुलं वर्गाकडं गेली. सर माझ्याकडून कमलीकडं सरकले आणि तिची रिबीन सोडायला लागले. कमलीच्या रिबिनीला साधं फूलच होतं, एका ओढीत सुटलं. “ये, तुलाही हिच्यासारखी तयार करतो.”

“सर,” मी म्हटलं. “माहे हात आता मोकळे होते.”

“बरं मग?”

“मोकळे होते म्हनून थांबला. बांधले होते तवा मी पडली होती. हात पसराले लागतात. आन् दाबाचं नाई, छप्पर टाकाचं. मी शिकवतो कमलीले. आजच शिकवतो. बांधू नका तिले.”

“तू शिकवणार? मला?”

“तुमाले नाई. कमलीले.”

सरांचा चेहरा पुन्हा तसाच झाला, रिबीन सुटत नव्हती तेव्हाचा. आवाज मात्र चढला नाही. “हे बघ, शेवंता,” ते म्हणाले. “टीममध्ये तुझं नाव मी आत्ताच पक्कं केलंय. निळी बनियन तुझी. आता गप उभी राहा, मला माझं काम करू दे. नाहीतर घरी जा.”

ती बनियन मी पेटीत पाहिली होती. तिची बाही कशी शिवलेली होती तेही मला पाठ होतं.

मी कमलीचा दंड धरला. “चाल व. घरी जाऊ.”

कमलीनं हात सोडवून घेतला. “तू जाय,” ती म्हणाली. “मले मुलचेऱ्याले जाचं हाय.” आणि तिनं आपले दोन्ही हात, आपण होऊन, मागं नेले आणि मनगटं जोडून सरांच्या पुढं धरली.

त्या लहान मनगटांचं मला आजही काय करावं कळत नाही. कमलीवर मी कधी रागावले नाही. ती आता आजी झाली, माझ्याच गल्लीत राहते, रोज भेटते. पण पोरीनं स्वतः हात मागं न्यावेत इतकं ज्यानं शिकवलं, त्याला मी सर म्हणते तेव्हा माझ्या तोंडात अजून मातीची चव येते.

सामन्याचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. टीम माझ्याशिवाय गेली. मॅचमध्ये काही हात बांधता येत नाहीत. हात मोकळे झाले, बॉल पायाखाली आला, आणि कमलीचा हात खाली गेला. बाकीच्यांचेही गेले. शिटीवर शिटी. शेफालीनं येऊन सांगितलं, सांगताना ती रडत होती, मी नाही. परत आल्यावर सर म्हणाले, ढिवरांच्या पोरींना कितीही शिकवा. पुढच्या वर्षी मुलींचा बॉल बंद झाला आणि आम्हाला कवायत दिली.

पण मला आठवतं ते मुलचेरं नाही, मी तर तिथं गेलेच नाही. मला त्या दिवसाचं मैदान आठवतं. मी ओळ सोडून चालायला लागले होते. सरांनी एकीमागून एक सगळ्यांचे हात बांधले आणि पहिला बॉल मारला. तो कमलीच्या बाजूनं निसटून माझ्या मागून आला. मला आवाज ऐकू आला, वळले, आणि पाय टाकला. थांबला. मी पाय काढून घेतला, तरी तो तिथंच राहिला.

“इकडं मार,” सर म्हणाले.

मी मारला नाही.

“अरे, आणा कोणीतरी तो बॉल.” पोरी एकमेकींकडं पाहायला लागल्या. टोलीवरच्या एकीचेही हात मोकळे नव्हते, आणि पायानं आणायचं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मोकळे होते ते शेफालीच्या बाजूच्या पोरींचे. सर शेफालीला म्हणाले, “जा गं, घेऊन ये.”

शेफालीनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ती खाली मातीत बसली. मांडी घालून. तिच्या शेजारची बसली. मग तिच्या पलीकडची.

ऊन होतं. सरांना सगळं मैदान चालत यावं लागलं.